फ्रिजची घरगुती दुरुस्ती: कुठपर्यंत आपण, कुठून पुढे मेकॅनिक?

मुठाकाठ

फ्रिजचे कोणते पार्ट घरी बदलता येतात आणि कशाला अजिबात हात लावू नये, याची माहिती एका जागी जमावी म्हणून हा धागा काढतोय. निमित्त आमच्याच फ्रिजचं. डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, डिस्प्ले वगैरे काही नाही, साधा फिरवायचा नॉब. वर फ्रीझरमध्ये आइस्क्रीम घट्ट राहतं, खालचा कप्पा मात्र कोमट. सकाळी ठेवलेलं दूध संध्याकाळी तापवायला घेतलं की फाटतं, कोथिंबीर दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. कंप्रेसर जवळजवळ थांबतच नाही.

मेकॅनिक आला, बाजूच्या पत्र्याला हात लावला आणि "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणून मोकळा झाला. मागचं झाकण उघडलं नाही, मीटर लावला नाही. मला हे पटत नाही. गॅस कमी असता तर फ्रीझर इतका गार कसा राहिला असता? तपासणी न करता गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात, असं माझं ठाम मत आहे. मल्टिमीटर घरी आहे, इस्त्री-मिक्सरची किरकोळ कामं मी करतो. जाणकारांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

टपरीचा_चहा

फ्रीझरच्या आतलं मागचं प्लास्टिकचं पॅनेल काढा. बर्फाची भिंत दिसेल, पैज लावतो.

कृष्णाकाठी

मुठाकाठ, तुमची शंका रास्त आहे. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनच्या ट्रेडला शिल्पनिदेशक होतो, आता निवृत्त आहे. पोरांना पहिल्या वर्षी हेच शिकवायचो: फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये गारवा एकाच जागी तयार होतो, फ्रीझरच्या पॅनेलमागच्या कॉइलवर, म्हणजे गॅसच्या वळणदार नळीवर. तिथला छोटा पंखा ती हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि तिचा थोडा भाग डक्टमधून खाली सोडतो. खालच्या कप्प्याला स्वतःचा गारवा नसतोच. वर थंड आणि खाली कोमट असेल तर पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यायचा, गॅसवर नाही.

वाट दोन कारणांनी अडते. एक, पंखा बंद. दरवाजा उघडून दाराचा स्विच बोटाने दाबून धरा, पंख्याचा आवाज यायला हवा. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो, त्यामुळे स्विच अडकला तरी खालचा कप्पा गरम होतो, आणि तो स्विच म्हणजे सगळ्यात स्वस्त पार्ट. दोन, कॉइलवर बर्फ साचून गठ्ठा झालेला. कॉइलवर दव धरणारच. ते वितळवायला खाली हीटर असतो. कंप्रेसर आठ ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि हीटर लावतो. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, हीटर बंद करतो. या साखळीत हीटर, बायमेटल, थर्मल फ्यूज (जास्त तापलं की उडणारा) आणि टायमर असे चार पार्ट. एक जरी गेला तरी बर्फ वितळत नाही.

आधी बिनखर्चाची परीक्षा करा. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं सताड उघडी टाकून दिवसभर आणि रात्रभर ठेवा. खाली जुनी चादर अंथरा, पाणी बरंच येतं. मग सुरू करा. काही दिवस दोन्ही कप्पे झकास चालले आणि पुन्हा खालचा कोमट झाला, तर दोष डीफ्रॉस्टच्या, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या साखळीत आहे हे नक्की समजा.

गॅस खरंच कमी असला तर कॉइल वेगळी दिसते. सुरुवातीच्या एक-दोन वळशांवरच पांढरं दव, पुढची सगळी कॉइल कोरडी. आणि मग दोन्ही कप्पे गरम होतात, नुसता खालचा नाही.

रानजाई

कृष्णाकाठी काका, इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

साळुंकी

मी नाशिकहून. माझा मुद्दा दाराच्या रबराचा. फ्रिज थंड होत नाही, वरच्या कप्प्यात घाम येतो, बिल वाढलंय, अशा तक्रारीत निम्म्या वेळा रबर सैल झालेलं असतं आणि त्याकडे कुणी बघत नाही.

तपासायचं कसं: दारात दहा रुपयांची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. ओढताना अडकली पाहिजे. सहज सरकली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी करा, खालचा कोपरा विसरू नका. आमचा दोष बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात होता.

बदलण्याआधी धुवून बघा. रबराच्या घड्या बोटाने उघडल्या की आत काळी बुरशी, सांडलेल्या सरबताचा चिकटा, मेथीचं एखादं पान असं सगळं सापडतं. भांड्याचा साबण कोमट पाण्यात घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासा, मग कोरडं पुसा. रबर आत दबलं असेल तर हेअर ड्रायरने मध्यम गरम करून बोटाने बाहेर ओढा आणि गार होईपर्यंत दार लावून ठेवा. बऱ्याचदा तेवढ्याने बसतं.

फाटलंच असेल तर नवं घ्या. फ्रिजच्या आतल्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो दाखवल्याशिवाय घेऊ नका. नुसतं "१९० लिटरचं द्या" म्हटलं की दोन बोटं लांब किंवा आखूड येतं. अलीकडच्या फ्रिजचं रबर दाराच्या खाचेत नुसतं दाबून बसवलेलं असतं, कोपऱ्यापासून ओढलं की निघतं. जुन्या फ्रिजमध्ये रबराची ओठासारखी कड उचलली की खाली ओळीने स्क्रू दिसतात. ते पूर्ण काढू नका, ढिले करा, नाहीतर दाराचं आतलं प्लास्टिकच हातात येतं. नवं रबर घडी करून आलेलं असतं, ते कोमट पाण्यात घालून सरळ करून घ्या. आधी चार कोपरे बसवायचे, मग मधला भाग.

टपरीचा_चहा

साळुंकीताई +१. भर घालतो: फ्रिजचे पुढचे दोन पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा. दार आपोआप लागतं, अर्धवट उघडं राहत नाही.

सडेतोड

मला हा सगळा उत्साह काळजीचा वाटतो. स्पष्ट लिहितो, राग नसावा. रबर, बल्ब, दाराचा स्विच इथपर्यंत ठीक. पण हीटर, फ्यूज म्हणजे २३० व्होल्टची लाइन, आणि तीही पाणी ठिबकतं अशा जागी. धागा वाचून कुणीतरी प्लग न काढता पेचकस घालेल. दुसरं, आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए आहे, म्हणजे आयसोब्युटेन. पेट घेणारा वायू. कॉइलजवळ पेचकस घसरला तर काय होईल याचा विचार करा. मेकॅनिकला द्यायचे पैसे वाचवायला जिवाशी खेळ कशाला?

मुठाकाठ

सडेतोड, प्लग काढणं हे गृहीतच आहे, पण लिहून ठेवलंत ते बरं केलंत. प्रश्न पैसे वाचवण्याचा नाही. समोरच्याने काय केलं हे कळण्याइतकं तरी ज्ञान घरात असावं असं मला वाटतं.

कृष्णाकाठी

सडेतोड यांचं म्हणणं मी डोक्यावर घेतो. सीमारेषा इथे आहे: जिथे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नळी उघडावी लागते तिथे आपण थांबायचं. गॅस, वेल्डिंग, ड्रायर (गॅसमधला दमटपणा शोषणारी कुपी), कॅपिलरी (गॅसची अगदी बारीक नळी), कंप्रेसर बदलणं, यातलं काही घरी नाही. आर-६००ए घरगुती फ्रिजमध्ये थोडाच असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास, आणि नेमका आकडा आतल्या किंवा मागच्या लेबलवर छापलेला असतो. थोडा असला तरी बंद स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी तो गळणं चांगलं नाही. असल्या फ्रिजच्या नळीवर गॅस न काढता कुणी वेल्डिंगचा टॉर्च पेटवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. मेकॅनिक असला तरी थांबवा.

आता "गॅस कमी झाला" याबद्दल. फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. नळ्या बंद आहेत, तोच वायू आयुष्यभर आत फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून जाणार. रीतसर काम म्हणजे गळती शोधणं, जोड पक्का करणं, ड्रायर नवा टाकणं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढणं, आणि मग लेबलवरच्या ग्रॅमप्रमाणे वजनकाट्यावर मोजून गॅस भरणं. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आणि काटा नसेल तर त्याला गॅसचं काम देऊ नका. पूर्वी आर-१२ या जुन्या गॅसच्या काळात नळीला हात लावून अंदाजाने भरणारे जुने हात होते, आणि त्यात थोडं कमीजास्त खपून जायचं. ओझोनचा थर खाणारा सीएफसी वायू म्हणून आर-१२ २०१० पासून आपल्याकडे बंद झाला. आर-६००ए मध्ये पाच-दहा ग्रॅमचा फरकसुद्धा थंडाव्यात कळतो.

सडेतोड, एक मात्र मान्य करा. पॅनेल काढून बर्फ बघणं आणि प्लग काढून मीटरने फ्यूज मोजणं यात नळीला हात लागत नाही.

सडेतोड

मान्य. फक्त बर्फ फोडायला चाकू घ्यायचा नाही, हे ठळक अक्षरात लिहा. आमच्या इमारतीत भाडेकरूंनी सिंगल डोअरच्या फ्रीझरमध्ये अडकलेलं मटणाचं पाकीट सुरीने उचकटलं, फुस्स आवाज आला आणि फ्रिज कायमचा गेला.

कृष्णाकाठी

अगदी खरं. सिंगल डोअरचा फ्रीझर म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि त्याच्याच पोटात गॅसची वाट. सुरीच्या टोकाएवढं भोक पुरतं. बर्फ काढायला सुरी, पेचकस, उलथनं काहीही नको. नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा, घाई असेल तर फ्रिज बंद करून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा.

देवगडची_हवा

आमच्याकडे किनाऱ्यावर वेगळीच कथा. खारी हवा पत्रा खाते, टर्मिनल हिरवी पडतात, आणि पावसाळ्यात पाल आणि मुंग्या कंप्रेसरजवळच्या उबेला येऊन बसतात. रिलेच्या (कंप्रेसर सुरू करून देणाऱ्या पार्टच्या) डबीत मेलेली पाल हा इथला नेहमीचा बिघाड.

लक्षण असं: कंप्रेसर "ऊंऽऽ" करतो, काही सेकंदांत "टक्" आवाज येऊन गप्प होतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. बाजारात लगेच "कंप्रेसर गेला" सांगतात. कंप्रेसर जाण्याआधी रिले बघा. प्लग काढा, कंप्रेसरच्या कुशीला प्लास्टिकची डबी असते, ती क्लिप काढून उघडा. पीटीसी रिले ओढला की पिनांवरून निघतो. कानाजवळ हलवा. आत खुळखुळलं तर चकती फुटली, नवा घ्या. जळका वास आला तरी नवाच घ्या. शेजारची गोल चकती म्हणजे ओव्हरलोड, तो जास्त करंट गेला की वीज तोडतो. दोन्ही मिळून खर्च काही शे रुपयांत, आणि काढण्याआधी मोबाइलवर वायरींचा फोटो घेतला की बसवणं सोपं.

रिले ठीक असेल तर मीटरने कंप्रेसरच्या तीन पिना मोजा. दोन-दोन पिनांमध्ये तीन आकडे येतात, त्यातल्या दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्याएवढी यायला हवी. एखादा आकडा येतच नसेल किंवा पिन आणि बॉडीमध्ये मीटर वाजत असेल, तर कंप्रेसर खरोखर गेला.

आणि व्होल्टेज. संध्याकाळी आमच्याकडे १७० पर्यंत उतरतं, तेव्हा चांगला कंप्रेसरही असाच टक्-टक् करतो. स्टॅबिलायझर घ्या, वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून सुरू करणारा.

रानजाई

देवगडकर, हे इन्व्हर्टर कंप्रेसरला पण लागू होतं का? आमचा नवा फ्रिज तसला आहे.

देवगडची_हवा

नाही! त्याला पीटीसी रिले नसतोच. तिथे सर्किट बोर्ड कंप्रेसर चालवतो, आणि प्लग काढल्यावरही बोर्डाच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी काही काळ शिल्लक असतो. त्या झाकणाला हात लावू नका. तीन पिनांचा हिशेबही वेगळा, तिथे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, पण ते मोजणं माहीतगारावर सोडा.

ओंटारिओकर

इकडे कॅनडात मजुरी इतकी महाग की फ्रिज आपण दुरुस्त करणं हेच रोजचं. मॉडेल नंबर टाकला की फ्रिजचा सुटा-सुटा आराखडा समोर येतो, प्रत्येक स्क्रूला नंबर, आणि पार्ट टपालाने घरी. तिथल्या लोकांनी एक लक्षात ठेवा: इकडच्या व्हिडिओत हीटरचे जे ओहम सांगतात ते ११५-१२० व्होल्टच्या फ्रिजचे. भारतातल्या आकड्यांशी जुळवू नका.

आपल्याकडे अशी माहिती उघड मिळायला हवी असं फार वाटतं. पार्टचा नंबर आणि आराखडा हे गुपित असण्याचं काय कारण?

मुठाकाठ

त्या दिशेने सुरुवात झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. कंपन्यांनी मॅन्युअल, पार्टची माहिती, वॉरंटीच्या अटी तिथे द्याव्यात अशी कल्पना. पण दुकानात मॉडेल नंबर सांगूनही "हा पार्ट सुटा येत नाही, पूर्ण असेंब्लीच घ्या" हे उत्तर अजून मिळतंच, आणि ते बदलायला हवं. वॉरंटीतल्या फ्रिजची टोलवाटोलवी होत असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

साळुंकी

वॉरंटी असताना मात्र काही उघडू नका. सील तुटलं की बोलायला जागा राहत नाही.

टपरीचा_चहा

फ्रिज बंद पडला होता तेव्हा आमचं श्रीखंड शेजारच्यांकडे ठेवायला दिलं. परत आलं ते त्यांच्या बासुंदीला सोबत घेऊन. घरातली पोरं अजून विचारतात, फ्रिज पुन्हा कधी बिघडणार?

रानजाई

:-D शेजार असावा तर असा.

जरा वेगळा प्रश्न. फ्रिजच्या दाराला अनवाणी हात लावला की मुंग्या येतात. हे रिले, हीटर यातलं काही आहे का?

सडेतोड

रानजाई, हे थांबण्यासारखं नाही, आजच बघा. सॉकेटची तिसरी, वरची मोठी पिन म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत ती नुसती शोभेला असते, मागे तारच नसते. किंवा कुणीतरी टू-पिनचा जोड लावलेला असतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि घराच्या मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. तोवर पायात रबरी चप्पल घालून दार उघडा, आणि लहान मुलांना फ्रिजपासून लांब ठेवा. हीटरची वायर खराब होऊन बॉडीला टेकली असण्याचीही शक्यता आहे. अर्थिंग दुरुस्त झाल्यावर आरसीसीबी पडायला लागला तर कारण फ्रिजमध्ये आहे.

मुठाकाठ

मूळ विषयावर येतो, कारण फ्रिज आता उत्तम चालतोय.

काकांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण बर्फ वितळवून सुरू केला. काही दिवस मस्त चालला, मग पुन्हा तेच. मग पॅनेल काढलं. चहाबाज पैज जिंकले: कॉइल दिसतच नव्हती. खालपासून पंख्यापर्यंत पांढरा, टणक बर्फ, आणि पंख्याच्या पात्यांना तो जेमतेम शिवत होता. पुन्हा वितळवला, प्लग काढलेला होताच, आणि मीटर लावला. हीटर २६० ओहमच्या जवळ, म्हणजे साधारण २०० वॉट, चांगला. थर्मल फ्यूज मात्र मुका, काहीच दाखवत नाही. बाहेरून धड दिसत होता.

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत चौकशी करत गेलो. जुना पार्ट हातात असल्याने काम सोपं झालं. काका, नवा फ्यूज घेऊन टाकावा एवढंच पुरेसं का?

कृष्णाकाठी

छान केलंत. पण फ्यूज उगाच जात नाही. हीटर वेळेवर बंद झाला नाही, कॉइल जास्त तापली, म्हणून तो उडाला. हीटर बंद करण्याचं काम बायमेटलचं. तेव्हा दोन्ही एकदम बदला, अनेक मॉडेलमध्ये ते एकाच वायरिंगवर जोडीने येतात. फ्यूजवर तापमान छापलेलं असतं, बहुतेक वेळा ७२ अंश. जुन्यावर जे असेल तेच घ्या. आणि कुणी "फ्यूज काढून वायर डायरेक्ट जोडा" म्हणालं तर ऐकू नका. बायमेटल चिकटला की हीटर लागूनच राहील, आतलं प्लास्टिक वितळेल, आग लागेल. फ्यूज आहे म्हणूनच तुमचा फ्रिज जळाला नाही.

बायमेटल तपासताना लोक फसतात. खोलीच्या तापमानाला तो उघडाच असतो, मीटर वाजत नाही, आणि चांगला पार्ट फेकला जातो. वाटीत बर्फ आणि खडे मीठ घ्या, पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात दहा मिनिटं बुडवा, मग मोजा. गार झाल्यावर वाजला आणि हातात धरून ऊब दिल्यावर वाजायचा थांबला तर चांगला. तुमचा ऊब देऊनही वाजतच राहिला तर तो चिकटलाय.

मुठाकाठ

वाजतच राहिला. दोन्ही बदलले. टायमरचा पेच पेचकसाने टक् होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवून डीफ्रॉस्ट लावून बघितलं, काचेच्या नळीतला हीटर तापला आणि थोड्या वेळाने आपोआप बंद झाला. कंप्रेसर आता थांबत-थांबत चालतो. फक्त भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय.

साळुंकी

ते निचऱ्याचं भोक तुंबलंय. बर्फ वितळून येणारं पाणी कॉइलखालच्या पन्हळीतून नळीने मागे कंप्रेसरवरच्या ट्रेत जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. भोकात कोथिंबिरीची काडी, प्लास्टिकचा तुकडा काहीही अडकतं. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडा. मागच्या ट्रेत पाणी पडल्याचा आवाज आला की मोकळं झालं. तार घालू नका, नळी फाटते.

रानजाई

तो मागचा ट्रे सगळ्यांनीच बघा. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा कुंड्यांच्या ताटल्यांबरोबर फ्रिजच्या मागचा ट्रेही बघतात. एडिस डासाला तेवढं स्वच्छ पाणी पुरतं, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडा करायचा. आमच्या सोसायटीत आता रविवारी सगळ्यांनी करायचं ठरलंय.

अर्थिंगचं काम झालं. सॉकेटमागे तारच जोडलेली नव्हती. सडेतोड, मनापासून आभार.

मळ्यातला_वाडा

आत्ताच सगळा धागा वाचला. आमचा जुना सिंगल डोअर, बाकी दणकट आहे, पण कंप्रेसर थांबत नाही आणि दारातलं दूधसुद्धा गोठतं. गावातला मुलगा म्हणतो थर्मोस्टॅट गेलाय, काढून वायरी डायरेक्ट जोडतो, सकाळ-संध्याकाळ तुम्ही बटण बंद करा. करावं का?

कृष्णाकाठी

करू नका. डायरेक्ट वायरी जोडणं फक्त दोन मिनिटं, बंद असलेला कंप्रेसर चालू होतो का बघायला, आणि तुमचा तर चालूच आहे. थर्मोस्टॅट नवा घाला, तो घरी बदलता येतो. प्लग काढा, नॉब आणि दिव्याचं खोकं काढा, मागे थर्मोस्टॅट दोन स्क्रूंवर असतो. त्याच्यापासून एक बारीक नळी निघते आणि तिचं टोक फ्रीझरला क्लिपने दाबून बसवलेलं असतं. आधी तेच बघा. क्लिप सुटून टोक लोंबत असेल तर थर्मोस्टॅट चांगला असूनही कंप्रेसर थांबणार नाही. टोक फ्रीझरला नीट टेकलेलं असूनही थांबत नसेल तर पार्ट बदला. नव्याची नळी मोठ्या वळणाने वाकवा, मोडली तर आतला वायू जातो आणि पार्ट वाया. वायरींचा फोटो काढून इथे टाका, टर्मिनल मी सांगतो.